एकेचाळिसावी ओळ

अपंग कल्याण खात्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तुलना कक्ष होता. इमारतीला लिफ्ट होती, पण तिची किल्ली साहेबांच्या खिशात असायची आणि साहेब आठवड्यातले तीन दिवस दौऱ्यावर. "अपंगांच्या खात्यात यायचं तर आधी धडधाकट असावं लागतं," असं रकानेबाई म्हणायच्या आणि सगळा कक्ष हसायचा. बारा वर्षं त्या हे म्हणत होत्या. बारा वर्षांत त्या किल्लीसाठी एक साधा अर्ज मात्र त्यांनी केला नव्हता.

रकानेबाई हे नाव ऑफिसनेच पाडलेलं. आपला देश आणि शेजारचे चार, असे पाच देश अपंगांसाठी काय काय करतात, याचा तक्ता दरवर्षी निघायचा आणि तो बाई करायच्या. बासष्ट ओळी, पाच रकाने. शाळेत चाकाच्या खुर्चीसाठी उतरण आहे का, बसमध्ये जागा आहे का, नोकरीत राखीव पदं आहेत का. प्रत्येक चौकोनात "आहे" किंवा "नाही", तिसरा शब्द चालत नसे. आणि "आहे" लिहायला लागायचं काय, तर एक सरकारी आदेश. तो निघाला की झालं. उतरण बांधली का, बांधली तर तिच्यावर कुणी स्कूटर लावून ठेवलीय का, हे बघायला कुणी जायचं नाही. तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

या तक्त्याचं हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक छापलं जाई; ते घेऊन साहेब पाच देशांच्या परिषदेला जात आणि आपला देश पहिला किंवा दुसरा आल्याचं सांगत परत येत. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असे, "माहिती प्रमाणित करणार", आणि त्यापुढे बाईंची सही.

बाईंचा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा. सुतार, आणि हातात अशी जादू की त्याने बसवलेल्या खणात कागद सरकत नसे. फर्निचरच्या कारखान्यात त्याला चौदा वर्षं झाली होती. आकडे, इंच, लाकडांची नावं तो झरझर लिहायचा. पण सबंध वाक्य लिहायचं म्हटलं की अडायचा, कारण त्याच्या शाळेत मास्तरांनी दहा वर्षं त्याला तोंडाने बोलायला लावण्यात घालवली होती. बोलायचा तो हातांनी. घरात त्याची भाषा सगळ्यांत चांगली यायची ती बाईंना. लहानपणी तो त्यांची वेणी ओढायचा, म्हणून त्यांची हाक अजूनही तीच होती, हवेत ओढलेली एक वेणी.

सात महिन्यांपूर्वी कारखान्याच्या पॉलिशखात्याला आग लागली. भोंगा वाजला, दीडशे माणसं बाहेर पळाली. धाकटा भिंतीकडे तोंड करून रंधा मारत राहिला. अकरा मिनिटं. शेवटी अग्निशामक दलाच्या जवानाने खांद्याला धरून त्याला धुरातून ओढून काढलं. माणूस वाचला म्हणून पेढे वाटायचे सोडून कारखान्याने आठव्या दिवशी त्याच्या हातात पत्र ठेवलं: सुरक्षेच्या आदेशाचं जाणूनबुजून उल्लंघन, सबब कामावरून कमी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

खरी गोष्ट वेगळीच होती. बहिऱ्या कामगाराच्या टेबलावर भोंग्याबरोबर पेटणारा लाल दिवा हवा, असा नियम होता आणि धाकट्याच्या टेबलावर तो दिवा होताही. पण आगीच्या आधी आठ महिन्यांपासून त्याची खोबणी रिकामी होती. तीन वेळा धाकट्याने सुपरवायझरला मनगट धरून तिथे नेलं होतं आणि वर बोट दाखवलं होतं. तिन्ही वेळा सुपरवायझर मान डोलावून निघून गेला. एवढंच धाकट्याला कामगार न्यायालयात सांगायचं होतं. त्यावर त्याची नोकरी अवलंबून होती. नोकरीच कशाला, चौदा वर्षं इमानाने काम करणारा माणूस मुद्दाम आगीत उभा राहिला, हा कलंकही त्यावरच पुसला जाणार होता.

पहिल्या तारखेला न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "यांचं म्हणणं कोण सांगणार?"

"मी सांगते. मी बहीण आहे यांची," बाई म्हणाल्या.

कारखान्याचा वकील ताडकन उभा राहिला. "हरकत आहे. सख्खी बहीण. ही तिकडून हात हलवणार आणि इकडे स्वतःच्या मनातलं सांगणार. आम्ही काय समजायचं?"

हरकत मान्य झाली. सरकारी दुभाषी आणा, म्हणून महिन्याची मुदत मिळाली.

दुसऱ्या दिवशी बाई आपल्याच इमारतीत, एक मजला खाली, आस्थापना शाखेत गेल्या. तिथल्या हेडक्लार्कने फाइल काढली, चाळली आणि मिटली. "पद मंजूर आहे, बाई. एक."

"मग माणूस द्या की."

"माणूस कुठला? पद मंजूर आहे म्हटलं मी. भरलंय कुठे?"

"मंजूर होऊन सहा वर्षं झाली. अजून नाही भरलं?"

"भरायला आधी परीक्षा हवी. परीक्षा घ्यायला ती भाषा येणारा परीक्षक हवा. परीक्षक दुभाष्यांतून नेमायचा. आता दुभाषीच नाही, तर..." हेडक्लार्कने हात वर केले. त्याला स्वतःलाच ते गमतीचं वाटलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या गप्प बसल्या, कारण एकेचाळिसावी ओळ त्यांना पाठ होती. "न्यायालयात खुणांच्या भाषेचा दुभाषी: आहे." अक्षर त्यांचंच होतं.

आपल्याकडे नाही तर नाही, शेजारून आणू, म्हणून त्यांनी सीमेपलीकडच्या तुलना कक्षात फोन लावला. तिथे असाच तक्ता करणारे एक भाऊसाहेब होते. बारा वर्षांत भेट एकदाही झाली नव्हती, पण एकमेकांच्या मुलांचे निकालसुद्धा ठाऊक होते.

"भाऊसाहेब, तुमचा तो कोर्टातला दुभाषी चार दिवस उसना द्या. खर्च माझा."

भाऊसाहेबांनी आवाज खाली आणला.

"बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. आमच्याकडे नाहीये हो कुणी."

"नाहीये? सहा वर्षांपूर्वी तुमच्याच मसुद्यात 'आहे' होतं! ते बघून आमचे साहेब मला म्हणाले, शेजाऱ्यांकडे आहे आणि आपल्याकडे नाही, शोभतं का? लिहा 'आहे', पद मंजूर करून टाकू."

"अहो, पण ती ओळ आखली कुणी? तुम्ही! तुमच्या कोऱ्या नमुन्यात ती नवी ओळ दिसली. आमचे साहेब म्हणाले, त्यांनी ओळ आखली म्हणजे त्यांच्याकडे असणारच, आपण मागे का राहायचं? मग आम्ही लिहिलं. बाकीच्या तिघांनी आपलं दोघांचं बघून लिहिलं असेल."

बाईंनी फोन ठेवला. ती ओळ त्यांनी का आखली होती, हे त्यांना लख्ख आठवत होतं. धाकट्याचा विचार करूनच आखली होती. कुणीतरी "नाही" लिहील, मग कुणालातरी लाज वाटेल, असा त्यांचा भाबडा हिशेब. आणि पाचही देशांनी मिळून त्या ओळीचं असं वाटोळं केलं, की आता कुणालाच लाज वाटायचं कारण उरलं नव्हतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पण या पाच शहाण्यांनी एकमेकांच्या पोहऱ्यात डोकावून, आडाला पाणी आहे असं छापून टाकलं होतं! राग साहेबांचा आला, भाऊसाहेबांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. घरी धाकट्याने विचारलं, दुभाषी मिळाला? त्यांनी नुसती मान हलवली. आपण काय लिहून बसलोय, ते सांगायला त्यांचे हात उचलले नाहीत.

दुसऱ्या तारखेला वकील हातात हिरवं पुस्तक घेऊनच उभा राहिला. बाईंनी ते लांबूनच ओळखलं.

"न्यायालयाने पान नऊ, ओळ एकेचाळीस पाहावी. शासन स्वतः प्रमाणित करतं की दुभाषी आहे. म्हणजे सोय असून अर्जदाराने ती घेतली नाही. याचा अर्थ त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही नाही. दावा काढून टाकावा ही विनंती."

धाकटा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. ओठ हलत होते, त्याचं आयुष्य इकडून तिकडे ढकललं जात होतं, आणि त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. साहेबांनी आदल्याच दिवशी बाईंना बजावलं होतं, "कोर्टात गप्प बसा. उगाच हात दाखवून अवलक्षण नको." बाई उभ्या राहिल्या.

"मला साक्ष द्यायचीय. त्या पुस्तकावर माझी सही आहे."

न्यायाधीशबाईंनी सही पाहिली, बाईंकडे पाहिलं आणि साक्षीच्या पिंजऱ्याकडे बोट केलं. बाई बोलायला लागल्या आणि त्यांचे हातही बोलायला लागले.

"हे काय? हात खाली घ्या," वकील ओरडला.

"ही माझी साक्ष आहे. मी लहानपणापासून अशीच बोलते. दुसऱ्याचं सांगायला मनाई केलीत, ती मी पाळली. माझं स्वतःचं मी कसं सांगायचं, तेही तुम्ही ठरवणार?"

"चालू द्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"ती ओळ खोटी आहे. मी लिहिली. दुभाषी आमच्याकडे नाही, शेजाऱ्यांकडे नाही, कुणाकडेच नाही. एकमेकांचं बघून आम्ही लिहीत गेलो. सहा वर्षं मी त्यावर सही करतेय. माझ्या घरात बहिरा भाऊ असून करतेय." इथे त्यांचा आवाज फाटला, पण हात थांबले नाहीत, कारण हे सांगायचं होतं ते मुळात त्यालाच.

धाकटा बघत राहिला. त्याने हवेत वेणी ओढली आणि विचारलं, तू? बाईंनी मान खाली घातली. मग त्याने वकिलाच्या हातातलं पुस्तक घेतलं, त्या "आहे"वर आपलं जाड बोट टेकवलं आणि उठला. त्याने बाकाखाली वाकून पाहिलं. दाराच्या मागे पाहिलं. कपाटाचं दार उघडून आत पाहिलं, फायली बाजूला करून पाहिलं. मग खोलीच्या मधोमध येऊन दोन्ही तळहात पसरले.

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. याचा अर्थ सांगायला दुभाषी लागला नाही.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला स्वतःला आणखी काय माहीत आहे?"

"आगीच्या आधी आठ महिने याच्या टेबलावरच्या दिव्याची खोबणी रिकामी होती, एवढं."

"हरकत! बहीण आहे. ऐकीव!" वकील म्हणाला.

"दिवा काही कुणाचा नातेवाईक नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "कारखाना किती लांब आहे? दिवाच बघू या."

कारखाना दहा मिनिटांवर होता, तरी वकिलाने तेवढ्यात फोन केलाच. सगळी वरात आत शिरली तेव्हा सुपरवायझर दारातच हसत उभा होता. धाकट्याने कुणाची वाट पाहिली नाही. त्याने थेट न्यायाधीशबाईंचं मनगट धरलं. शिपाई पुढे धावला, त्यांनी त्याला नजरेनेच थांबवलं. भुसा आणि सरसाच्या वासातून तो त्यांना आपल्या टेबलापाशी घेऊन गेला आणि वर बोट दाखवलं.

वर लालबुंद, कोरा करकरीत दिवा होता. काचेवर धुळीचा कण नव्हता.

"आहे की!" वकील म्हणाला. "बघा, मॅडम. आहे."

त्या एका शब्दाने बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षं हाच शब्द त्या चौकोनांत भरत आल्या होत्या.

धाकट्याच्या कपाळावर आठी पडली. आपण खोटे ठरलो की काय, म्हणून त्याने बहिणीकडे पाहिलं.

"भोंगा वाजवा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. बाईंनी ते हातांनी धाकट्याला सांगितलं.

"मॅडम, काम चालू आहे, सगळ्यांना त्रास..." सुपरवायझर म्हणाला.

"वाजवा."

सुपरवायझरने जड हाताने बटण दाबलं. भोंगा असा काही किंचाळला की पत्रे थरथरले. वकिलाने कानांवर हात दाबले, शिपायाने दाबले, न्यायाधीशबाईंनीही दाबले. यंत्रांवरची माणसं दाराकडे धावली. बाईंनी कान झाकले नाहीत. त्या दिव्याकडे बघत होत्या. तो पेटला नाही. त्याच्या मागून वायरीचं एक टोक, कशालाच न जोडलेलं, भिंतीवर लोंबत होतं.

सगळ्यांचे कान फुटायची वेळ आली होती. धाकटा मान वर करून शांतपणे दिव्याकडे बघत उभा होता, भोंगा कधी वाजवतात त्याची वाट पाहत.