वरची माती

त्या माळावर कुदळ कुठेच लागत नव्हती. खाली काळा पाषाण आणि वर बोटभर मुरूम. फक्त ओढ्याकाठच्या पट्ट्यात पाय रुतत होता. या तालुक्यात इतकी मऊ माती, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी वीरगळ बघायला आले होते, आणि ठरलेलं सोडून दुसरं काही न बघायची मला पगारी सवय लागली आहे.

माझं काम असं. खडीच्या खाणीला परवाना मिळण्यापूर्वी जागेवर जुनं काही आहे का, ते पाहून अहवाल द्यायचा. खाण संपल्यावर तो खड्डा भरून जमीन पुन्हा हिरवी कशी करायची, तेही त्याच अहवालात लिहायचं. नगरच्या ऑफिसात ही दोन्ही कामं मी एकटी करते, त्यामुळे शिव्याही एकटीच खाते.

खर्ड्याच्या अलीकडची ती वस्ती डिसेंबरात ओस होती. सगळे ऊसतोडीला गेलेले, दारांना कुलपं. मागे राहिलेल्या दगडाबाई काठी टेकत माझ्यामागून आल्या. वीरगळाचे फोटो काढून झाले, तशी त्यांनी ओढ्याकडे काठी केली.

“त्ये बी लिव्हा, बाई.”

तिथे चुना फासलेले भाकरीएवढे दगड होते. मी एकोणीस मोजले.

“आमची लेकरं हायती. लहानग्यास्नी जाळत न्हाईत. दुसरीकडं कुदळ लागत न्हाई, मंग हितंच ठिवतो. त्यो कडंचा माझ्या सुनंचा, सविताचा. चार म्हयन्याचं हुतं. फडावर गेलं. टेम्पोत मांडीवर घिऊन आली.” त्यांनी माझं मनगट धरलं. “ती पाडव्याला यील. तवर कुनाला हात लावू दिऊ नगा.”

आम्हा मुसलमानांत तर सगळ्यांनाच पुरतात. मातीवर ठेवलेला दगड मला आधी ओळखू यायला हवा होता. मला माझीच चीड आली.

खाणीचा मॅनेजर राधाकृष्ण पाण्याची बाटली पुढे करत म्हणाला, “रुमाना मॅडम, हे काही पुरातन नाही ना?”

पुरातन नव्हतंच. माझ्या फॉर्मात शंभर वर्षांच्या आतल्या कशालाच जागा नव्हती. तरी मी शेवटच्या पानावर लिहिलं, ‘ओढ्याकाठी दफनभूमी आहे. कुटुंबं परतून बोलणी होईपर्यंत खोदकाम व सुरुंग बंद ठेवावेत.’ साहेबांशी कडाक्याचं भांडण झालं, पण अट मंजूर झाली. माझा जीव भांड्यात पडला. दगडाबाईंना मी फोनवर छाती ठोकून सांगितलं, “मावशी, पाडव्यापर्यंत कोणी हात लावणार नाही.”

फेब्रुवारीत त्यांचाच फोन आला.

“बाई, मशीन आलंय.”

“काय करतंय?”

“काय बी न्हाई. नुसतं हुबं हाय. तोंड ओढ्याकडं हाय.”

मी राधाकृष्णला फोन लावला. तो मऊ आवाजात म्हणाला, “खोदकाम नाही, सुरुंग नाही. तुमच्या अहवालाबाहेर आम्ही एक पाऊल टाकणार नाही, मॅडम.” मी तेव्हाच निघायला हवं होतं. पण राहुरीची फाईल अडकली होती, आणि मी चार दिवस त्या आवाजावर विश्वास ठेवायचं ठरवलं. पाचव्या दिवशी दगडाबाईंनी फोन उचलला नाही, तेव्हा मी निघाले.

पाषाणाला खरंच कोणी धक्का लावला नव्हता. ओढ्याकाठचा पट्टा मात्र खरवडून उघडा पडला होता. शेजारी मातीचा लांबलचक ढीग, त्यावर हिरवी जाळी आणि पाटी. ‘पुनर्भरणासाठी जतन केलेली वरची माती.’ चुन्याचे एकोणीस दगड एका रांगेत नीट रचून ठेवले होते.

राधाकृष्णने माझाच अहवाल उघडून धरला. पान बारा. ‘काम सुरू होण्यापूर्वी वरची सुपीक माती काढून सुरक्षित ढीग करावा.’ हे वाक्य मी प्रत्येक अहवालात डकवते. झाडं जगावीत म्हणून.

“हे खोदकामात धरत नाहीत, मॅडम. पूर्वतयारी,” तो म्हणाला. “आणि माळावर माती तेवढीच होती.”

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. त्याचे कागद बरोबर होते.

पाडव्याला मी गेले. न जाणं जमलं नाही. दगडाबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सविता बावीस-तेवीसची असेल, हात उसाच्या पाचटाने कापलेले. तिने पेल्यात दूध आणलं होतं. ढिगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती बघत राहिली.

“ताई, तुमी लिव्हनाऱ्या ना? माझं कुठल्या अंगाला आसंल?”

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिने जाळी उचलली आणि पहिल्या टोकाला दुधाचा थेंब सोडला. एक पाऊल पुढे, आणखी एक थेंब. अर्ध्या ढिगाशी दूध संपलं. तिने रिकामा पेला माझ्यापुढे धरला.

“अजून आना, ताई. निम्मं राह्यलंय.”