समतोलाचा तास

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलिस ॲक्शनला काही वर्षं होऊन गेली होती. शाळेत उर्दूऐवजी मराठीतून शिकवायचा हुकूम आला आणि वहाबमास्तरांची झोप उडाली. रसायनशास्त्र ते हैदराबादला शिकलेले, सगळंच्या सगळं उर्दूत. बाजारहाटापुरती मराठी यायची. पण मॅट्रिकच्या वर्गाला अभिक्रियेचा वेग समजावायचा म्हटलं की जीभ अडखळायची. दोन मास्तरांना आधीच घरी बसवलं होतं. त्यात हेडमास्तर नानासाहेब म्हणाले, "सोमवारी इन्स्पेक्टर तात्यासाहेब तुमच्या तासाला बसणार. जरा जपून."

मास्तरांची बायको शहजादी अजिंठ्याची, मराठी शेजारणींत वाढलेली. तिनं त्यांच्याकडून घोकून घेतलं. "तवाझुन नहीं, समतोल बोलो!" मास्तर "समतोल" म्हणायचे आणि शाळेच्या वाटेवर शहागंजच्या वळणावर येईपर्यंत विसरायचे.

सोमवारी तात्यासाहेब मागच्या बाकावर येऊन बसले. मास्तरांनी कागदावर दोन फुल्या काढून प्रत्येकीवर एकेक पेला ठेवला, दोन्हींत हायपोचं, म्हणजे फोटो धुवायच्या क्षाराचं पाणी. एक गार, एक कोमट. दोन्हींत आम्ल ओतलं. कोमट पेला झरझर गढूळ झाला, खालची फुली दिसेनाशी झाली. गार पेल्याखालची अजून दिसत होती.

"का रे, बन्सी?"

"ऊब मिळाली सर, म्हणून लवकर झालं."

"शाबास." मास्तरांना धीर आला. ते फळ्याकडं वळले. "आता काही क्रिया उलट्याही होतात. जाणारी आणि येणारी, दोन्हींचा वेग सारखा झाला की होतो..."

शब्द गेला. तोंडात नुसतं तवाझुन, तवाझुन. तात्यासाहेबांनी मान वर केली.

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "उठा सगळे! डाव्या भिंतीला उभे राहा. मी टाळी वाजवली की दर चारांतल्या एकानं पलीकडं जायचं. पलीकडच्यांनीही तसंच, चारांत एक इकडं."

टाळी वाजली. आधी डावीकडून घोळका निघाला, उजवीकडून कुणीच नाही. मग एखादा परत यायला लागला. टाळ्या होत गेल्या, धूळ उडाली, शेजारच्या वर्गाचे मास्तर दारात येऊन उभे राहिले. वहाबमास्तरांना वाटलं, संपलं, आता नोकरी गेली. पण पोरं हळूहळू दोन्हीकडं सारखी झाली आणि तशीच राहिली.

"आता जाणं-येणं थांबलं का?" प्रश्न तात्यासाहेबांचा होता.

"नाय साहेब," बन्सी धापा टाकत म्हणाला. "जितके जातात तितकेच येतात. म्हणून बदल दिसत नाय."

"ह्याला काय म्हणतात, मास्तर?"

"समतोल," मास्तर म्हणाले, आणि आपल्याच आवाजानं दचकले.

तास सुटल्यावर तात्यासाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "शिकवता उत्तम. मराठी मात्र कच्ची आहे. सहामाहीनंतर मराठीची परीक्षा द्या. पास झालात तर कायम."

"आणि नाही झालो तर?"

तात्यासाहेबांनी टोपी नीट केली आणि ते निघून गेले.

संध्याकाळी शहजादीनं सगळं ऐकून घेतलं. "तर मग आजपासून घरात मराठीच," ती म्हणाली.

मास्तर जेवायला बसले. बराच विचार करून त्यांनी विचारलं, "भाकर अजून आहे का?"

"व्हय, हाय की!"

परीक्षेत आहे लिहायचं की हाय, ही नवीच काळजी घेऊन मास्तरांनी घास मोडला.