मशीनमधला पाडवा

हंबीरअण्णांनी वीस वर्षं सेलमला सोनं गाळलं, आणि विट्याला परतल्यावर बसस्टँडमागं पाच कॉम्प्युटर मांडून इंटरनेटचं दुकान थाटलं. भट्टी सुटली तरी समोर बसायला तापणारं काहीतरी हवंच ना! दुकान खरं चालवायची ती कुंडल गावची माया. टेलिफोनची लाइन एकच, म्हणून पाचांतला थोरला कॉम्प्युटर तिनं सर्व्हर केला होता. एकदा आलेलं पान तो साठवून ठेवी आणि मुदत संपेपर्यंत सगळ्यांना तेच वाढी.

त्या दिवशी, अकरा ऑगस्ट नव्व्याण्णवला, शिरवळच्या एका कारखान्याची निवडयादी दुपारी नेटवर लागणार होती. सर्व्हर सांभाळायच्या तीन जागा होत्या आणि अर्ज दीडशे, त्यातला एक मायाचा. निवड झालेल्यानं पाचच्या आत कारखान्याच्या सुरक्षित पानावर होकार भरायचा, नाहीतर जागा पुढच्याला. कारखान्याकडून तिला आलेल्या पत्रात बजावलं होतं की पडद्यावरचं छोटं कुलूप बंद झाल्याशिवाय काही भरू नका, कारण ते मिटलं तरच मजकूर गुप्त होऊन जातो.

तीन वाजता मायानं त्या थोरल्या कॉम्प्युटरवरच यादी उघडली, तर खाली कालची तारीख. परत उघडली, परत तीच शिळी यादी. सर्व्हर साठ्यातलंच वाढतोय हे तिनं ओळखलं आणि साठाच रिकामा केला. मग ताजी यादी आली. दुसरं नाव तिचं होतं. तिनं ते बोट ठेवून तीनदा वाचलं, आणि हसू काही केल्या आवरेना.

पण होकाराचं पान उघडेना. ते पान खरंच कारखान्याचं असल्याची ग्वाही देणारं प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही, असं कॉम्प्युटर हटून सांगे, आणि कुलूप काही मिटेना. तिनं लाइन तपासली, मशीन बंद करून चालू केलं. समोरच्या बूथवरून शिरवळला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, बाकी दोघांचे होकार केव्हाच पोचलेत, दोष तुमच्याकडंच असणार. साडेचार वाजले होते. उरला होता फक्त अर्धा तास.

घाईत माणूस वाचत नाही, नुसतं बघतो. माया खुर्चीत मागं टेकली आणि तो संदेश अक्षर अक्षर वाचला. प्रमाणपत्र एक जुलैपासून लागू. जुलै तर सरला! मग अजून जुलै उजाडला नाही असं वाटतंय कुणाला? कोपऱ्यातलं घड्याळ मिनिटाला बरोबर होतं, म्हणून तर तिकडं लक्षच गेलं नव्हतं. तिनं माउस त्याच्यावर नेला. तारीख निघाली अठरा मार्च, गुढीपाडवा. मशीनला मार्च वाटत असेल, तर ऑगस्टातल्या पानाची मुदत संपणार तरी कधी? दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच निघालं.

“अण्णा, तारखेला हात कुणी लावला?”

अण्णा पंखा पुसायला लागले. शेवटी म्हणाले, “मीच. आज आवस हाय, वर सांजच्याला गिराण. तुझं चांगलं हुयाचं ते आसल्या दिवशी कशापायी? म्हनलं, मशीनला तरी पाडवा आसूंदे.”

अमावास्या, ग्रहण या गोष्टी मायाच्या घरी कुणी मानत नव्हतं. तिला राग आला, पण तो टिकेना. वीस वर्षं आवसेला भट्टी न पेटवणारा हा माणूस, त्यानं तिच्यासाठी पाच महिने मागं ओढून आणले होते!

“आवं अण्णा, तुमच्या पाडव्यानं माझी नोकरी चाललीया. आवस परत आणा.”

अण्णांनी घड्याळाकडं पाहिलं, पावणेपाच. खुर्ची ओढून ते स्वतः बसले आणि एका बोटानं मार्चातून ऑगस्टात आले. अकरावर आल्यावर बोट थबकलं. मग त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं.

मायानं पान पुन्हा मागवलं. कुलूप मिटलं. नाव, पत्ता, होकार. पाचला सात मिनिटं असताना पोच आली, आणि माया उभ्याउभ्याच उडी मारून अण्णांच्या पाया पडली.

अण्णांनी खण उघडून पेढ्यांचा पुडा काढला. माया दुकान सोडून जाणार हे ठाऊक असूनही त्यांनी तो आणला होता.

“हे कवा आणलं?” मायानं डोळे पुसत विचारलं.

“सकाळीच,” अण्णा म्हणाले. “पाडव्याला.”