सिमेंटच्या दरजा

खुब्याचं हाड बदलून हेस्टर पॅडगम तीन आठवड्यांनी घरी आली, ती फाटकातच थबकली. तिच्या घराच्या लाल भिंतीवर करड्या रेघांचं जाळं चढलं होतं.

"सरप्राइज, मम!" गाडीतून बॅग काढत तिचा मुलगा नेव्हिल म्हणाला. "विटांमधल्या सगळ्या दरजा नव्यानं भरून घेतल्या. वीस वर्षांची हमी दिलीय माणसानं."

"कशानं भरल्या?"

"सिमेंटनं. जुना चुना बोट लावलं की गळायचा."

"गळायलाच असतो तो, गाढवा!"

शेजारणीच्या खिडकीचा पडदा हलला. हलू दे. हेस्टरच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. ससेक्समधल्या या मऊ विटा अडीचशे वर्षं उभ्या होत्या त्या चुन्याच्या जिवावर. भिंत भिजली की ओल चुन्यातून बाहेर पडते. झिजतो तो चुना, वीट नाही. सिमेंट ओल कोंडून धरतं, आणि मग गोठवणारी थंडी विटांचीच तोंडं फोडते. तिनं आणि तिच्या गवंडी नवऱ्यानं, आर्थरनं, याच भिंतीच्या दरजा दोनदा भरल्या होत्या. चुना ती कालवायची.

"गवंड्याच्या पोटी जन्मलास आणि एवढं कळू नये? मला एक फोन करता आला नाही?"

"तुला आनंद व्हावा म्हणून केलं गं."

"झाला हो आनंद! केव्हा भरलं हे?"

"वरचं पंधरा दिवसांपूर्वी. खालचं आज सकाळी."

हेस्टरनं कुबडी सावरत वाकून नख खुपसलं. खालचं सिमेंट अजून ओलं होतं.

"बापाची हत्यारं आण. आणि मला खुर्ची."

दुपारभर ती खुर्चीत बसून बोटानं दाखवत राहिली आणि नेव्हिल ऑफिसच्या पँटमध्ये गुडघ्यांवर बसून खरवडत राहिला. चहासुद्धा तिनं विचारला नाही. विटांच्या खालच्या सहा थरांच्या दरजा मोकळ्या झाल्या. तेवढ्यानं त्याला चेव आला. ती "थांब" म्हणेपर्यंत त्यानं सातव्या थरातल्या पंधरा दिवसांच्या सिमेंटवर छन्नी ठेवून हातोडा मारला.

सिमेंट जागचं हललं नाही. विटेचं तोंड तेवढं निखळून त्याच्या मांडीवर पडलं. आतली वीट कच्च्या मांसासारखी दिसत होती.

"अजून हळू मारून बघू?"

"नको. काढायला गेलास तर विटा आज फुटतील. ठेवलंस तर थंडी फोडेल, दर वर्षी थोड्या थोड्या."

"मग करायचं काय, मम?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"दर हिवाळ्यात यायचं," हेस्टर म्हणाली, "आणि पायरीवर पडलेले तुकडे झाडायचे. स्वतः. माणूस लावायचा नाही."