मागे पडलेला रकाना

धाकटीचं कौतुक झालं की थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि धाकटीचं कौतुक तर उठता-बसता व्हायचं. घरी आई करायची, प्रयोगशाळेत सर करायचे. दोघी सख्ख्या बहिणी एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना बसत. थोरलीला तिथे चौदा वर्षं झाली होती, धाकटीला जेमतेम दोन. सरांकडे शब्द टाकून तिला तिथे चिकटवली तीही थोरलीनेच. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

काम बुरशीचं. एक बुरशी काळ्या बीजाणूंची, दुसरी पांढऱ्या. दोघींचा संकर केला की इवल्याशा पिशव्या धरतात आणि प्रत्येक पिशवीत आठ बीजाणू एका ओळीत बसतात. चार काळे एकीकडे, चार पांढरे एकीकडे, अशी ओळ असली तर त्या जागी जनुकांची अदलाबदल झाली नाही असं समजायचं. दोन-दोनच्या किंवा दोन-चार-दोनच्या हिश्श्यांनी रंग बदलला तर झाली. बदलायच्या तऱ्हा चार, आणि चारही साधारण सारख्याच वेळा दिसायला हव्यात. थोरली दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ओळी वाचायची आणि चार रकान्यांत रेघा ओढायची. एक पिशवी सोडायची नाही. लोक तिला दुर्बीण म्हणत.

धाकटी संख्याशास्त्र शिकलेली. थोरलीने डोळे फोडून मोजायचं आणि हिने सावलीत बसून गणित करायचं. अपेक्षेपेक्षा आकडे किती हटले, आणि ते नशिबाने हटले की आणखी कशाने, ते तिची चाचणी सांगायची. ‘उत्तर जितकं लहान, तितके आकडे अपेक्षेच्या जवळ,’ असं तिने ताईला एकदा समजावलं होतं. ताईने तेवढंच पक्कं धरलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी कपाटं हलवताना थोरलीच्या सहा वह्या गहाळ झाल्या. ‘माझ्या हातून हरवल्या,’ असं धाकटीने कबूल केलं आणि सरांनी चार लोकांत तिला फैलावर घेतलं. थोरलीला वह्यांचं वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोला, त्या दिवशी तिला दोन घास जास्त गेले. काचपट्ट्या शाबूत होत्या. त्या सगळ्या धाकटी रोज तासभर लवकर येऊन पुन्हा मोजत बसली. थोरलीला वाटलं, बरी खोड मोडली.

मग शोधनिबंधाचा कच्चा मसुदा हातात आला. पहिलं नाव धाकटीचं. थोरलीचं नाव शेवटच्या पानावर, आभाराच्या ओळीत, काचपट्ट्या पुरवणाऱ्याच्या शेजारी.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच दुपारी स्टेपलर शोधायला तिने धाकटीचा खालचा खण उघडला, तर तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा वह्या. तिच्याच.

म्हणजे हरवल्या नव्हत्या. लपवल्या होत्या!

थोरलीने कॅल्क्युलेटर काढला आणि धाकटीनेच शिकवलेलं गणित सहाही वह्यांवर केलं. उत्तरं आली शून्य पूर्णांक नऊ शतांश, पाच शतांश, बारा शतांश, सगळी अशीच. त्याच काचपट्ट्यांवर धाकटीची उत्तरं होती दोन, चार, साडेतीन. थोरलीला हसूच फुटलं. पोरीला मोजता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांच्या वह्या ही खणात दडवते!

सोमवारी सकाळच्या बैठकीत तिने सहा वह्या सरांपुढे आपटल्या. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला.

“ताई, जरा बाहेर ये ना. आधी आपण दोघी बोलू.”

“आता कशाला बाहेर? जे बोलायचं ते इथेच सगळ्यांसमोर बोल,” थोरली म्हणाली. “सर, हिने माझं काम लपवलं. माझी उत्तरं बघा आणि हिची बघा. कोणाची मोजणी चोख आहे, तुम्हीच सांगा.”

सर पानं उलटत राहिले. चौथ्या वहीपाशी त्यांनी चष्मा काढला.

“बाई, नाणं शंभर वेळा उडवलं आणि बरोब्बर पन्नास छापे पडले, तर तुम्ही काय म्हणाल?”

“छान म्हणेन.”

“आणि लागोपाठ सहा वेळा तसंच झालं तर?”

सरांनी उघडी वही तिच्याकडे वळवली.

“मोजताना चारही रकाने समोर असायचे?”

“असायचेच की. चूक नको व्हायला.”

“आणि एखादी पिशवी पिळवटलेली असली, रंग नीट दिसत नसला, तर? सोडून द्यायचात?”

“मी? मी कधी पिशवी सोडत नाही. नीट बघायचं, विचार करायचा आणि टाकायची एका रकान्यात.”

“कोणत्या?”

ती उत्तर द्यायला गेली आणि तिची नजर उघड्या पानावर पडली. चार रकाने, चारही सारख्या उंचीचे. ते तसे भरत आले की तिला किती बरं वाटायचं, ते तिला आठवलं.

“जो मागे पडला असेल त्यात,” ती हळूच म्हणाली.

धाकटी खाली बघत होती. तिने हे आठ महिन्यांपूर्वीच ओळखलं होतं आणि ताईची चौदा वर्षं चव्हाट्यावर येऊ नयेत म्हणून वह्या हरवल्याचं बालंट स्वतःवर घेतलं होतं. थोरलीने मात्र ते सगळं स्वतः उचलून चव्हाट्यावर आणलं. तिला लाज वाटली, धाकटीची माया वाटली, आणि त्याच्याही वर पुन्हा हेवाच वाटला. हुशारी तर हिच्या वाट्याला होतीच, आता चांगुलपणाही हीच घेऊन बसली!

दुपारी तिने नव्या तुकडीची पेटी उघडली आणि सूक्ष्मदर्शक टेबलाच्या मधोमध ओढला.

“ये इकडे,” ती धाकटीला म्हणाली. “मी सांगते, तू लिही. आणि वही तुझ्याकडे तोंड करून धर. मला रकाने दाखवायचे नाहीत.”

“ताई, राग नाही ना?”

“आहे. लिही.”

तिने पहिली ओळ सांगितली, दुसरी सांगितली. तिसरी पिशवी पिळवटलेली होती. थोरली बराच वेळ भिंगातून बघत राहिली. सवयीने तिची मान वहीकडे वळली. धाकटीने पानावर तळहात ठेवला.

“दिसत नाही,” थोरली म्हणाली. “सोडून दे.”