पाणी हातात येईपर्यंत

"दुफिए, कुणाच्या दारात गेलीस तर पाणी हातात येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. पाणी प्यायलीस, 'काय काम काढलंत' असं त्यांनी विचारलं, की तू पोचलीस. तोवर तू वाटेवरच."

आई जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी बोआदूबाबाच्या पडवीतल्या बाकावर बसताना दुफिएला तिचाच आवाज ऐकू येत होता. बुधवारी शाळा सुटल्यावर ती आली, गुरुवारी आली, आज शुक्रवारीही आली. दोन्ही दिवस दिवेलागणीपर्यंत बसली. पाण्याचा थेंब कुणी दिला नाही.

ती कशासाठी आली होती, ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तिची धाकटी बहीण अंपोमा हिला गेल्या शनिवारी मुलगी झाली. शनिवारची म्हणून 'आमा' हे नाव ती स्वतःच घेऊन आली. पण दुसरं नाव बापाच्या घरून यावं लागतं, आणि बाप ओबेंग चार महिन्यांपूर्वी लॉरी उलटून गेला. रीतीप्रमाणे दारूच्या बाटल्या घेऊन अंपोमाच्या घरी मागणी घालायला यायचं त्याचं राहूनच गेलं होतं. आठव्या दिवशी पहाटे बाळाला उघड्यावर आणतात आणि नाव देतात. तोवर ते नुसतं पाहुणं. उद्या आठवा दिवस. ओबेंगचा बाप बोआदू आला नाही, तर पोर जन्मभर बिनबापाची म्हणून हिणवली जाणार. "नाव मी आणते," असा शब्द दुफिएने बहिणीला दिला होता.

बोआदू काही तिला हाकलत नव्हता. दारातल्या माणसाला हाकलणं वाईट दिसतं. तो फक्त पाणी देत नव्हता. पाणी नाही म्हणजे विचारपूस नाही, आणि विचारपूस नाही म्हणजे ती आलेलीच नाही. रस्त्याने कुणी गेलं की तो मुद्दाम मोठ्याने म्हणे, "आमच्याकडे कोण येणार? दोन दिवसांत चिटपाखरू फिरकलं नाही!"

"मग बाकावर कोण बसलंय, बाबा?" काल एका भाजीवालीने विचारलं होतं.

"बाकावर? धूळ बसलीय. झाडायला सांगतो कोनादूला."

दुफिए हसली नाही, रडली नाही, हललीही नाही. मांडीवर पदराखाली प्रार्थनेचं पुस्तक होतं, त्यावर हात ठेवून बसली.

आज सकाळीच सहावीच्या वर्गात तिने इंग्रजीतलं 'अराइव्ह' हे क्रियापद शिकवलं होतं. माणूस गावी पोचतो तेव्हा ते वापरतात, बाळ जन्माला येतं तेव्हाही वापरतात, आणि कुणी नाव कमावलं, घरावर पत्रे चढवले, तरी तो 'अराइव्ह' झाला म्हणतात. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, एखादी दारात बसलीय, पण तिला पाणीच दिलं नाही, तर काय म्हणायचं?" सगळ्यांना कळलं होतं.

"पुस्तक म्हणतं, ती पोचली," दुफिए शांतपणे म्हणाली.

"आणि आपण?"

"आपण म्हणतो, ती अजून उठलेली नाही. बस खाली."

हर्माटानचा कोरडा वारा सुटला होता. ओठांना चिरा पडल्या होत्या. त्यात आज शुक्रवार. शुक्रवारी सूर्य बुडेपर्यंत पाणीसुद्धा न घेण्याचं तिचं व्रत एकोणीस वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं.

चारच्या सुमारास कोको खरेदीचा कारकून ताविया वजनकाटा घेऊन आला. त्याने रीतीप्रमाणे उजवीकडून नमस्कार करायला सुरुवात केली. उजव्या टोकाला दुफिए होती.

"कशा आहात बाई?" तो म्हणाला आणि तिच्याशेजारी टेकला. बोआदूच्या कपाळावर आठी उमटली, पण कारकुनाला दुखवून चालणार नव्हतं; पोती बांधून तयार होती.

"कोनादू! पाणी आण गं!"

बोआदूची बायको ओल्या हातांनीच भांडं घेऊन आली. चाळीस वर्षं पाहुण्यांना पाणी देण्यात गेलेला तो हात. तो उजव्या टोकाकडेच वळला. भांडं दुफिएच्या हातात आलं, तेव्हा कुठे कोनादूच्या लक्षात आलं, आणि ती जागच्या जागी थिजली.

"अगं, तिला नाही!" बोआदू ओरडला. "ताविया, घे ते भांडं तिच्याकडून."

"मी? उजवीकडच्या माणसाच्या हातातलं पाणी काढून घेऊ? माझी आजी थडग्यातून उठून मला बडवेल, बाबा."

दुफिएने भांड्यात पाहिलं. सूर्य अजून माडांच्या वर होता. 'देवा,' ती मनात म्हणाली, 'याबदली दोन दिवस उपास धरीन. आज मला क्षमा कर.' पूर्वजांसाठी चार थेंब जमिनीवर सांडून ती घटाघटा पाणी प्यायली.

ताविया खाकरला. "आता विचारा, बाबा. पाणी पाजून विचारत नाहीत, असं कुठलं घर?"

बोआदूने दात आवळले. "आमच्याकडे सगळं ठीक आहे. तू काय काम काढलंस, मास्तरीणबाई?"

"तुमच्या ओबेंगची मुलगी आज सात दिवसांची झाली. तिचं नाव न्यायला आलेय."

"त्याने बाटल्या दिल्या नव्हत्या."

"मेलेल्या माणसाकडून मी बाटल्या मागत नाही. तुमची जमीनही मागत नाही. आत्तापर्यंत तुम्ही म्हणू शकत होतात की कुणी आलंच नाही. आता कुणीतरी आलंय, बाबा. साक्षीला कारकून बसलाय. नाही म्हणायचं तर म्हणा, पण माझ्या तोंडावर म्हणा. मग मी गल्लीगल्लीत सांगेन की बोआदूने ऐकलं आणि आपल्या नातीला नाकारलं."

"धमकी देतेस?"

"निरोप देतेय."

कोनादू पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली होती. बोआदूने तिच्या हलणाऱ्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं.

"डुरोवा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माझ्या आईचं नाव. घे आणि जा."

"मी नेऊन काय उपयोग? ते तुमच्या तोंडून तिच्या कानात जायला हवं."

"हट्टी आहेस."

"हो."

"उजाडायच्या आत येईन. एकटा. गाजावाजा नको. दिला शब्द."

रात्री घरी येऊन सांगितलं, तर अंपोमाचा विश्वास बसला नाही. "येतोय कसला! तुला बाकावरून उठवण्यापुरतं बोलला असेल."

पूर्वेला फटफटू लागलं तेव्हा दुफिए अंगणात येऊन उभी राहिली. ओढ्यापलीकडच्या चढावर बोआदूचं दार दिसत होतं. ते आवाज न करता उघडलं. पांढरं वस्त्र खांद्यावर घेतलेला म्हातारा बाहेर आला, दार हळूच ओढून घेतलं, आणि काठी टेकत एकटाच उतार उतरू लागला.