उठायचा पाय

कुंदन सर भडगावहून मोटारसायकलवर लेकीला घेऊन जळगावला आले होते, ते फक्त फिजिओथेरपिस्ट हिना मॅडमनी 'खेळायला हरकत नाही' एवढं म्हणावं म्हणून. रविवारी धुळ्याला खो-खोचे विभागीय सामने. संघ सरांच्या शाळेचा, आणि त्यातली सगळ्यात चपळ पोर म्हणजे त्यांचीच ऋतिका. तिच्याशिवाय संघात राहतं काय?

पण मॅडमना कसली घाईच दिसेना. त्यांनी ऋतिकाच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखालचं टेंगूळ अंगठ्यानं दाबलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"दुखतं?"

"नाही, मॅडम." पोरीनं पापणीसुद्धा लववली नाही.

"वर्षभरात उंची भराभर वाढलीय हिची," मॅडम सरांना म्हणाल्या. "मांडीचा स्नायू इथं हाडाला ओढ देतो, आणि तेवढा भाग अजून कोवळा आहे. टेंगूळ जुनं असेल, दुखत नसेल, तर खेळू दे. पण दुखत असताना रेटलं, तर तो तुकडा उखडू शकतो. मग ऑपरेशनच."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "दुखत नाही म्हणतेय ना ती," ते कसेबसे म्हणाले.

"म्हणतेय खरी. पण मला खो-खोतलं काही कळत नाही. इथंच तिला बसवा, खो द्या, आणि नेहमीसारखी उठते का ते तुम्हीच सांगा."

घ्या! म्हणजे निवाडा सरांच्याच गळ्यात. ऋतिका चटईवर पाठमोरी बसली. सरांनी तिच्या पाठीला हात लावला.

"खो!"

पोरगी सुटली ती थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत. बघणाऱ्यानं वाहवाच केली असती. पण सर नुसते बघणारे नव्हते. उजव्या पायाच्या रेट्यावर उठायचं, हे त्यांनीच तिला चिमुरडी असल्यापासून शिकवलं होतं. आज ती डाव्यावर उठली होती.

गेले काही आठवडे ती खो मिळाल्यावर उशिरा उठायची. सर भडकायचे. "अंगात आळस शिरलाय," असं म्हणून सगळ्या मुलींसमोर तिला उठाबशा काढायला लावायचे. तीही मुकाट काढायची, त्याच गुडघ्यावर. आता ते सगळं सरांना आठवलं.

भिंतीशी उभी राहून ऋतिका बापाकडे बघत होती. बापाच्या ध्यानात आलंय हे तिला कळलं होतं. तिनं हळूच मान हलवली, नका सांगू म्हणून.

"बरोबर उठली का, सर?"

'हो' म्हणायला काय जात होतं? खोटं पकडणारं तिथं दुसरं होतं कोण? संघ धुळ्याला गेला असता, लेक खुश झाली असती, आणि गुडघ्याचं पुढचं पुढं.

"नाही," ते म्हणाले. "पाय बदललाय तिनं. आणि मॅडम, मी... मी तिला उठाबशा काढायला लावत होतो. रोज."

मॅडमची नजर सरांना सोसवेना. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, धुळे बंद, पळणं बंद, बाकी सगळं हळूहळू ठरवू. ऋतिकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

परतीच्या वाटेवर तिनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला नाही. मागची दांडी धरून बसली. पाचोऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर, एरवी घरात अहिराणी बोलणारी पोर, मास्तरांशी बोलावं तशी शुद्ध बोलली.

"मॅडमना कळलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत."

"हो."

"मी रविवारी खेळलेच असते."

"माहितेय."

सरांना वाटलं, आता ही आपल्याशी कधीच बोलणार नाही. मग पाठीला तिचं कपाळ टेकलं.

"पप्पा," ती म्हणाली, "डावा बी दुखस."

कधीपासून, हे विचारायची सरांची छाती झाली नाही. त्यांनी गाडी वळवली आणि पुन्हा जळगावची वाट धरली.